सेंट अँटन : बर्फाच्या घाटातले सहा दिवस

दिवस पहिला, रविवार

म्युनिकहून सकाळी निघालो, इन्सब्रुकला गाडी बदलली आणि दुपारी अडीचच्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनला उतरलो. दादा (माझा मावसभाऊ) आणि वहिनी झुरिकहून येणार होते, म्हणजे मी आणि नवरा पूर्वेकडून, ते पश्चिमेकडून, आणि मधे अख्खा डोंगर. त्यांची गाडी आर्लबर्गच्या बोगद्यातून बाहेर पडली की लगेच स्टेशन. साडेदहा किलोमीटरचा हा बोगदा १८८४ साली सुरू झाला, त्याआधी हिवाळ्यात या खिंडीतून पलीकडे जाणं म्हणजे जिवावरचं काम होतं. मी सह्याद्रीत कॉलेजपासून भटकतेय, त्यामुळे एका अंगाला टिरोल, दुसऱ्या अंगाला फोरार्लबर्ग (हे दोन्ही ऑस्ट्रियाचे प्रांत) आणि मधे ही उंच खिंड बघितल्याबरोबर मनात एकच शब्द आला, घाट. पुढचे सहा दिवस मी या गावाकडे घाट म्हणूनच बघत होते आणि मला वाटतं त्यामुळेच ते मला नीट कळलं.

पूर्वी रूळ गावाच्या मधून जायचे. इथे २००१ साली स्कीइंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्याच्या आधी ते उचलून नदीच्या कडेला नेले. आता हॉटेलमधून निघालं की स्की खांद्यावर टाकून थेट लिफ्टपर्यंत चालत जाता येतं. हे किती मोठं सुख आहे ते ज्यांनी स्की बूट घालून जिने चढलेत त्यांना विचारा.

स्की आणि बूट भाड्याने घेतले. संध्याकाळची गर्दी, दुकानातला मुलगा घाईत, मी माझा रोजच्या बुटाचा नंबर सांगितला आणि त्याने त्या अंदाजाने बूट दिले. घातल्यावर एकदम आरामशीर वाटले. तिथेच चुकलं. स्की बूट सेंटिमीटरमध्ये मापतात, पायाची लांबी मोजूनच घ्यायचे असतात, आणि दुकानात आरामशीर वाटला तर तो बहुतेक मोठाच असतो. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तो मागे सरकायला हवा. हे मला दुसऱ्या दिवशी नडगीवर दोन निळे डाग पडल्यावर कळलं. जाणाऱ्यांनी कृपा करून सकाळी, दुकान रिकामं असताना जा आणि निम्मा तास तिथेच बूट घालून उभे राहा.

संध्याकाळी गावच्या मुख्य रस्त्यावर फेरी मारली, गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना लाकडी सज्ज्यांची हॉटेलं. सात-साडेसातपर्यंत लोक बूट वाजवत, गात, स्की ओढत घरी चालले होते आणि साडेआठला रस्ता बघतो तर एकदम सामसूम. वहिनी म्हणाली, "अरे, हे का तुमचं ते फेमस नाइटलाइफ?" मग हॉटेलच्या काकूंनी समजावलं की इथे दोन पाळ्या असतात. पहिली दुपारी साडेतीनला वर डोंगरावरच सुरू होते आणि रात्री आठपर्यंत आटोपते, मग सगळे अंघोळ करून जेवतात, आणि दुसरी पाळी दहा-अकराला गावात सुरू होते ती पहाटेपर्यंत. आम्ही नेमके मधल्या सुट्टीत बाहेर पडलो होतो.

दिवस दुसरा, सोमवार

नवरा आणि मी तीन वर्षांपूर्वी स्की शिकलो, निळे उतार व्यवस्थित करतो, लाल घाबरत घाबरत. (ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड.) तरी इथे परत क्लास लावला कारण सेंट अँटनचा निळा म्हणजे दुसरीकडचा लाल असं सगळे सांगतात, आणि ते शंभर टक्के खरं आहे. दादा चांगला स्की करतो, तो एकटा वर गेला. वहिनी पहिल्यांदाच, तिला नासराइनच्या बाजूला अगदी सपाट मैदानावर लहान मुलांच्या शेजारचा ग्रुप मिळाला आणि ती त्यावर खूश होती.

सकाळी पावणेनऊला गाल्त्सिग डोंगरावर जाणाऱ्या लिफ्टला पोचलो. काचेची इमारत, आत जत्रेतल्या पाळण्यासारखी प्रचंड चाकं, आणि केबिन त्या चाकावरून गोल फिरून खाली जमिनीच्या लेव्हलला येते, माणसं आत शिरली की चाक तिला उचलून वर तारेवर नेऊन ठेवतं. जिना चढावा लागत नाही. २००६ पासून हे असंच चालू आहे. पहिली केबल कार इथे १९३७ मध्येच आली होती.

आमची टीचर साठीच्या घरातली, चेहरा उन्हाने रापलेला, आवाज खणखणीत. पहिलंच वाक्य, हजार मीटरच्या वर सगळे 'डू'. जर्मनमध्ये अनोळखी माणसाला 'झी' म्हणतात, म्हणजे आपलं तुम्ही, आणि घरच्या माणसाला 'डू', म्हणजे तू. डोंगरात ठरावीक उंचीच्या वर अहो-जाहो बंद, डॉक्टर असो नाहीतर बँकेचा मॅनेजर. गावच मुळी १३०४ मीटरवर, त्यामुळे इथे स्टेशनवर उतरल्यापासूनच अरे-तुरे. आपल्याकडे ट्रेकला दुसऱ्या दिवसापर्यंत होतं तेच, फक्त इथे त्याचा नियम आहे.

तिने तासभर आमच्याकडून फक्त एकच गोष्ट करून घेतली, पुढे झुकणं. उतार बघून शरीर आपोआप डोंगराकडे, मागे जातं, आणि मागे गेलं की भार स्कीच्या शेपटीवर येतो आणि पुढचं टोक ऐकायचं बंद होतं. मला अचानक घसारा आठवला. सह्याद्रीत सुट्या दगडमातीवरून उतरताना नवा माणूस भीतीने मागे बसतो आणि तिथेच त्याचा पाय सटकतो, जो नाक पायाच्या पुढे ठेवून उतरतो तो टिकतो. मी हे वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेय! त्या क्षणी नडगी बुटाच्या पुढच्या भिंतीवर दाबली, भार खालच्या स्कीवर टाकला, आणि स्की वळली. जोर लावून वळवली नाही, वळली. सकाळी मशीनने नुकत्याच केलेल्या बर्फावर कॉरड्युरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा असतात, त्यावर आपल्या स्कीची कड कापत जाते तेव्हा एक खर्रर्र आवाज येतो, तो आवाज मला आत्ता लिहितानासुद्धा ऐकू येतोय.

लिफ्टमध्ये बसल्यावर तिने हानेस श्नायडरची गोष्ट सांगितली. जन्म १८९०, खिंडीपलीकडच्या श्टुबेन गावातला, १९०७ मध्ये सतरा वर्षांचा असताना इथल्या हॉटेलात स्की शिकवायला आला. त्याने शिकवायची एक पद्धतच बसवली, आधी नांगर (म्हणजे टोकं जवळ आणि टाचा लांब, मुलांना हल्ली पिझ्झा सांगतात ते), मग एक स्की उघडून वळण, मग हळूहळू दोन्ही स्की जवळ, आणि जो जितका येतो त्याप्रमाणे त्याचा वर्ग. १९२१ च्या सुमाराला त्याने इथे स्की स्कूल काढलं आणि आर्लबर्ग पद्धत जगभर गेली, १९३० मध्ये तो स्वतः जपानला जाऊन शिकवून आला. १९३८ मध्ये नाझी आल्याबरोबर त्याला अटक झाली, पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला, तिथे न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉनवेमध्ये शिकवत राहिला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. हे सांगताना टीचर खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, आज तुम्ही सकाळी ज्या क्रमाने शिकलात तो क्रम त्याचा आहे. माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी कायझरश्मार्न खाल्लं, म्हणजे जाड गोड पॅनकेक तव्यातच फाडून तुकडे करतात, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखारचा आंबटगोड पाक. चौघांनी एकच मागवा, ताट केवढं येतं.

दिवस तिसरा, मंगळवार

रात्रभर बर्फ. सकाळी साडेसहाला धडाम् असा आवाज आला, मग परत, मग लांबून एक. मी घाबरून उठले. हॉटेलच्या काकू म्हणाल्या रोजचंच आहे, वरच्या उतारांवर साचलेला बर्फ स्फोट करून आधीच पाडतात, म्हणजे दिवसा माणसांवर यायला नको. धोक्याची पातळी १ ते ५ अशी असते, त्या दिवशी ४ होती. वरच्या लिफ्ट बंद, क्लास दुपारपर्यंत नाही.

मग टेकडीवरच्या जुन्या बंगल्यातलं गावाचं म्युझियम बघितलं. लाकडी लांबच लांब स्की, एकच मोठी काठी, चामड्याचे साधे बूट. आणि रेल्वेच्या आधीच्या काळातला घाट. तिथेच वाचलं म्हणून दुपारी रस्ता उघडल्याबरोबर बसने वर सेंट क्रिस्टोफला गेलो, साधारण १८०० मीटर, घाटमाथाच.

इथली गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. हाइनरिश फिंडेलकिंड नावाचा एक माणूस, फिंडेलकिंड म्हणजे सापडलेलं पोर, आईबापांनी टाकलेलं. या भागात गुराखी म्हणून वाढला. हिवाळ्यात घाट ओलांडताना माणसं बर्फात मरायची आणि त्यांची प्रेतं खाली आणली जायची, ते बघून त्याने ऑस्ट्रियाच्या ड्यूककडे परवानगी मागितली आणि १३८६ मध्ये माथ्यावर वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. स्वतःची गुराख्याची कमाई घातली. त्याने काढलेला संघ आजही आहे आणि अडलेल्या कुटुंबांना मदत करतो. जुनी वास्तू १९५७ च्या आगीत गेली, आता तिथे पंचतारांकित हॉटेल आहे, त्यांच्याच जवळच्या रेस्टॉरंटच्या तळघरात बोर्डोच्या वाइनच्या अवाढव्य बाटल्या आहेत. मला त्या बाटल्या बघण्यात रस नव्हता. मी चॅपलमध्ये बसले आणि मला नाणेघाट दिसत होता, खडकात कोरलेली पाण्याची टाकी, लेणं, तो दगडी रांजण. घाट म्हटला की माथ्यावर कुणीतरी वाटसरूसाठी काहीतरी करून ठेवतंच. आपल्याकडे पाणी, इथे चूल.

बाहेर आलो तर वहिनीने पिशवीतून लोणावळ्याची चिक्की काढली. ती थंडीने इतकी कडक झाली होती की दादाने ती रेलिंगवर आपटून फोडली आणि तुकडे गालात धरून बसलो, बस येईपर्यंत.

दिवस चौथा, बुधवार

ऊन! आकाश निळंशार, आणि ४० सेंटिमीटर नवा बर्फ. दादा आम्हाला डोंगरापलीकडच्या लेख नावाच्या गावाला घेऊन गेला. २०१६ मध्ये फ्लेक्सनबान ही केबल कार सुरू झाली तेव्हापासून सेंट अँटन, श्टुबेन, त्स्युर्स, लेख हे सगळं लिफ्टने जोडलंय, ऐंशीच्या वर लिफ्ट आणि ३०० किलोमीटर उतार, एकाच पासवर. पास महाग आहे. गाल्त्सिगवरून राउत्सला, तिथून फ्लेक्सनबानने वर आणि पलीकडे त्स्युर्सला उतरलो, तिथून लेखपर्यंत आम्ही बसनेच गेलो कारण मधला स्कीचा रस्ता मला झेपणारा नव्हता आणि ते मान्य करायला मला काही वाटलं नाही.

लेख म्हणजे श्रीमंती, पण आवाज न करणारी. नदी, लाकडी पूल, चर्च, फरचे कोट घातलेल्या आज्या. राजकुमारी डायना मुलांना घेऊन इथे यायची, नेदरलँड्सचं राजघराणं वर्षानुवर्षं येतं. आणि याच घराण्यातला राजपुत्र फ्रिसो फेब्रुवारी २०१२ मध्ये लेखजवळ उताराबाहेर स्की करताना हिमस्खलनात गाडला गेला. त्या दिवशीही पातळी ४ होती. बाहेर काढला, पण पुरता शुद्धीवर आलाच नाही, पुढच्या वर्षी गेला. दादा हे सांगत असताना समोर उताराची हद्द दाखवणाऱ्या खांबांच्या पलीकडे कोरा, मऊ, न तुडवलेला बर्फ चमकत होता आणि तो किती खेचतो हे मला तेव्हा कळलं. दादाच्या छातीला बीपर (बर्फाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून सिग्नल देणारं यंत्र) बांधलेला असतो, सॅकमध्ये फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, तरी गाइड नसेल तर तो खांब ओलांडत नाही. मला माझ्या दादाचा अभिमान वाटतो यासाठी.

परतताना घड्याळ सांभाळा. शेवटची लिफ्ट चुकली की बस नाहीतर महागडी टॅक्सी.

रात्री जेवून दुसऱ्या पाळीला बाहेर पडलो. पिकॅडिली नावाच्या बारमध्ये लाइव्ह बँड, इंग्लिश आणि स्वीडिश पोरं, सगळ्यांना सगळी गाणी पाठ. शेजारच्या टेबलावर दिवसा लिफ्टवर पास तपासणारा मुलगा होता, त्याने आम्हाला ओळखून हात केला. हंगामात काम करणारी ही पोरं इथलं खरं रात्रीचं गाव आहेत, भांडी घासतात, खोल्या आवरतात, रात्री दोनपर्यंत नाचतात आणि सकाळी परत पहिल्या लिफ्टला उभी.

दिवस पाचवा, गुरुवार

सकाळी वहिनीने नासराइनला नांगर घालून संपूर्ण मैदान एकदाही न पडता उतरलं, आम्ही तिघं खाली उभे होतो, तिने थांबून दोन्ही काठ्या वर केल्या. ट्रिपमधला सगळ्यात मोठा क्षण हाच.

मग तिला घेऊन वालुगाच्या शिखरावर, २८११ मीटर. शेवटचा टप्पा छोट्याशा केबिनने, आणि त्यात स्की घेऊन जायला गाइडशिवाय परवानगी नाही कारण वरून उतरणारी वाट फक्त तयार लोकांसाठी आहे. आम्ही स्की न घेताच, नुसतं बघायला. चहूकडे डोंगरच डोंगर, लाटांसारखे. वहिनी दहा मिनिटं बोललीच नाही.

आणि दुपारी साडेतीनला मूझरविर्ट. सेंट अँटनचं नाव ज्याच्यामुळे जगभर आहे तो बार, गावाच्या थोडं वर, थेट उताराच्या कडेला, वरच्या अंगाला क्रेझी कांगुरू हा दुसरा बार. आम्ही पोचलो तेव्हा बाहेर शेकडो स्की बर्फात खोचलेल्या, जणू कुंपणच. आत शिरलो तर चष्म्यावर वाफ. ओले हातमोजे, वितळणारा बर्फ, बिअर आणि तळलेल्या बटाट्याचा मिसळलेला वास. प्रत्येकाच्या पायात दोन-दोन किलोचा बूट आणि हजार बूट एका ठेक्यात जमिनीवर आपटतात तेव्हा तो ठेका कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. लोक बाकांवर, टेबलांवर. आणि त्या सगळ्यातून एक वेटर ट्रे डोक्याच्या वर एका हातावर घेऊन चाललाय, ट्रेवर पंधरा-वीस ग्लास काठोकाठ, गर्दी उसळतेय, आणि तो मनगट जरासं फिरवतो, खांदा पाडतो, जागा शोधतो, एक थेंब सांडत नाही. मी त्याच्यावरून नजर काढू शकले नाही. ते स्कीइंगच होतं, तोच पुढे झुकलेला देह, तेच वाकलेले गुडघे.

शेजारी सत्तरीचे एक आजोबा आजीला धरून नाचत होते, नवरा त्यांच्या नातवाच्या गळ्यात गळा घालून गात होता, भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. मी हळदीकुंकवापासून ढोलताशापर्यंत गर्दीत वाढलेली बाई, मला हे परकं वाटलंच नाही. दिवसभर थंडीत भीती गिळून खाली आलेली माणसं एका छपराखाली जमली की असंच होणार.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. इथून गावात जायला शेवटचा उतार उरतो आणि अंधारात, चार बिअर पोटात असताना, लोक तो स्कीवरून उतरतात. करू नका. संध्याकाळी उतार साफ करायला मशीन निघतात, तीव्र चढावर त्या मशीन जाड पोलादी तारेने वर बांधलेल्या असतात, ती तार शेकडो मीटर लांब ताणलेली असते आणि अंधारात दिसत नाही. आम्ही स्की खांद्यावर घेतल्या आणि कडेकडेने चालत वीस मिनिटांत खाली आलो. मागे गाणं, वर चंद्र, बुटाखाली बर्फ कुरकुरत होता, आणि लांब डोंगरावर मशीनचे दिवे मुंगीसारखे वरखाली करत होते, उद्याच्या रेघा काढत.

दिवस सहावा, शुक्रवार

सामान परत केलं, बूट काढून दिले तेव्हा दुकानातल्या दुसऱ्या मुलाने माझी नडगी बघितली, पाय मोजला आणि मापाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी पाकिटात ठेवलीय.

दादा-वहिनीची गाडी आधी होती. दादा सामान चढवत होता, वहिनी दारात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पुढच्या वर्षी मला निळ्यावर न्यायचं, आत्ताच सांगून ठेवते!" मी हो म्हणेपर्यंत दार लागलं, गाडी हलली आणि तिचा हलणारा हात खिडकीतून दिसत असतानाच डबा बोगद्यात शिरला.